ठेव तिथं, घेतो मी

१

सकाळी उठल्यावर लोक खिडकी उघडतात. मीही उघडायचे, फक्त माझी काळी असायची. गॅसवर चहाचं आधण ठेवायचं, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा, कमांड लाइनची ती काळी खिडकी समोर घ्यायची आणि आमच्या कंपनीच्या ग्राहकांच्या साइट्सना एकेक करून हाक मारायची. हाकच म्हणायला हवी. पूर्ण पान मागवायचं नाही. पान पाठवण्याआधी सर्व्हर स्वतःबद्दल ज्या थोड्या ओळी पाठवतो, ज्यांना हेडर म्हणतात, तेवढ्याच मागवायच्या. पाकीट बघायचं, आतली चिठ्ठी काढायची नाही. पहिल्या ओळीत दोनशे हा आकडा दिसला की समजायचं, घरात माणूस आहे. मग पुढचं दार.

हे सगळं मला दादानं शिकवलं. आधी तो याच कंपनीत होता, मला त्यानंच तिथं चिकटवलं. "दारावरून हाक मारायची," तो सांगायचा, "आतून 'आहे' असं आलं की पुढं जायचं. उगाच आत शिरून लोकांची कामं खोळंबवू नकोस." त्याचं आणखी एक म्हणणं होतं, ते मी तेव्हा हसण्यावारी नेलं. "पत्ता तोच आहे म्हणून बोलणारा तोच असेल असं समजू नकोस. सर्व्हरच्या ओळीत नाव असतं, ते वाचत जा."

आमच्या घराचंही पुढं तसंच झालं. दादा मागच्या खोलीत राहायचा. एका लांबच्या कंपनीसाठी रात्रभर काम, दिवसा झोप. मी गोळी घेऊन लवकर झोपणारी. तोंडं अशी क्वचितच दिसायची. सकाळी मी चहाचा कप त्याच्या दाराशी, फरशीवर ठेवायचे.

"दादा, चहा."

आतून खुर्ची करकरायची. तो एकदा खाकरायचा. "ठेव तिथं. घेतो मी."

वरच्या मजल्यावर फरशांचं काम चाललेलं. त्याचं 'मी' नेमकं ड्रिलच्या घरघरीत बुडायचं. रोजचंच होतं, मी लक्ष देत नव्हते.

ती खोली आधी आईची. गेल्या वर्षी एका सकाळी मी चहा घेऊन तिचं दार उघडलं, आणि ती नव्हती. म्हणजे पलंगावर होती, पण नव्हती. पुढचं मला नीट आठवत नाही. कप फुटला नाही, एवढं आठवतं. मी तो टेबलावर ठेवला, खाली बशीही सरकवली, आणि मग दादाला हाक मारली. त्या दिवसापासून ते दार मी उघडलेलं नाही. माझा हातच जायचा नाही तिकडं. खोली रिकामी राहिली तर घर खायला उठेल म्हणून दादा तिथं राहायला गेला. मी हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. रडलेही नाही. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल होतो तशी मी सगळीकडून झाले होते.

दादाला ते कळलं होतं. म्हणून त्यानं माझ्यासाठी एक गंमत केली. पलंगाखालच्या छोट्या मशीनवर त्यानं स्वतःचं एक पान चालवलं होतं आणि ते आमच्या कंपनीच्या मधल्या मशीनमधून जगाला दिसायचं. त्याच्या हेडरमध्ये त्यानं स्वतःच्या तीन ओळी घातल्या. खोलीचं तापमान. दिवा, चालू की बंद. दार, उघडं की बंद. आणि सर्व्हरच्या ओळीत, जिथं मशीनचं नाव लिहितात, तिथं नुसतं 'दादा'.

"आता छोटी, तुला आत यायची गरजच नाही," तो दाराआडून म्हणाला होता. "पाकिटावरच सगळं लिहिलंय."

मी रोज सगळ्यात शेवटी त्याला हाक मारायचे. दोनशे. आहे.

२

आमच्या धंद्यातल्या माणसांना एक खोड असते. दोनशे दिसलं की आम्ही पुढचं वाचत नाही. पुढच्या ओळी असतात, सरळ समोर असतात, पण डोळा त्यांच्यावर टेकत नाही. मी तर आळसानं एक छोटी सोय करून ठेवली होती, फक्त पहिली ओळच दिसेल अशी.

एका मंगळवारी एका दुकानदारानं तक्रार केली, साइटवर भाव बदलले तरी जुनेच दिसतात. असं झालं की दोष बहुतेक मधल्या मशीनचा असतो. हे मधलं मशीन म्हणजे साठवणीचं मशीन. मूळ सर्व्हरकडून एकदा पान आणतं, स्वतःजवळ एक प्रत ठेवतं आणि मग येईल त्याला तीच प्रत देत बसतं. दर वेळी मुळाला त्रास नको म्हणून. प्रत किती जुनी आहे ते हेडरमधल्या 'एज' नावाच्या ओळीत सेकंदांत येतं. त्यामुळे त्या दिवशी मी सोय बाजूला ठेवली आणि सगळ्यांचे पूर्ण हेडर वाचले. दुकानदाराचं निस्तरलं. हात चालूच होता म्हणून दादाचंही मागवलं.

दोनशे. सर्व्हर: दादा. तापमान सव्वीस. दिवा चालू. दार बंद.

आणि एज. इतका लांबलचक आकडा की मी आधी टायपिंगची चूक समजले. भागाकार केला. जवळजवळ अडीच आठवडे.

म्हणजे पलंगाखालचं मशीन अडीच आठवडे गप्प होतं. मधलं मशीन रोज मुळाकडे विचारायला जात होतं, तिकडून उत्तर नाही म्हणून परत येत होतं आणि मला जुनी प्रत हातात देत होतं. ही युक्ती दादाचीच. त्यानंच ते मशीन तसं लावलं होतं आणि त्याचा त्याला भारी अभिमान. "मूळ मेलं तरी वाचणाऱ्याला ताकास तूर लागता कामा नये. महिनाभर जुनं दाखवत राहायचं. तेवढ्यात कुणीतरी दुरुस्त करतंच."

मी दाराशी गेले. "दादा, तुझं मशीन बंद आहे का रे?"

खुर्ची. खाकरणं. "चालू आहे सगळं. तू तुझं बघ."

आणि घर्रर्र.

हेही तो नेहमी म्हणायचा. घरातलं इंटरनेट अडलं की मी हेच विचारायचे आणि तो हेच उत्तर द्यायचा. प्लग निघाला असेल, मी म्हटलं. झोपेतून उठून कोण पलंगाखाली वाकतंय. मी परत टेबलाशी येऊन बसले. मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही, पण बधिर माणसाला पालही लांबूनच ऐकू येते.

३

ड्रिलचा मात्र राग आला. रागसुद्धा पुष्कळ दिवसांनी आला होता, म्हणून जरा बरं वाटलं. वरच्या काकूंचं दार वाजवलं.

"काकू, सकाळी जरा थांबवाल का हो काम? दादा रात्रभर जागतो. त्याच्या डोक्याशीच ड्रिल चालतं."

काकू पदर खोचून उभ्या राहिल्या. "अगं बाई, कसलं ड्रिल? काम संपून युगं लोटली. ये, बघ तरी."

त्यांनी मला ओढतच आत नेलं. मागच्या खोलीत, म्हणजे बरोबर आमच्या मागच्या खोलीवर, चकचकीत नव्या फरशा. त्यावर पलंग लागलेला, खिडकीला पडदे, पडद्यांना धुतल्याच्या सुरकुत्या. एका कोपऱ्यात नातवाची तीनचाकी.

"कधी संपलं?"

"झाले की अडीच आठवडे. शेवटच्या दिवशी तर त्या मेल्यांनी कहर केला, सकाळी सकाळी भिंतीत भोक पाडत बसले. त्याबद्दल रागावली असशील तर आत्ता सॉरी म्हणते," त्या हसल्या. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तू जेवतेस ना गं वेळेवर?"

"हो. ठीक आहे. चाललंय."

"हे तू रोजच म्हणतेस."

मी जिना उतरले. एकेका पायरीवर स्वतःला समजावत उतरले. दुसऱ्या कुणाच्या घरी काम चालू असेल. इमारतीत आवाज कुठून कुठं जातात, कुणी सांगावं. भिंतीतून नळाचा आवाजसुद्धा पहिल्या मजल्यावरून येतो. हे सगळं खरंच होतं. दाराशी आले, कान लावला. आत काहीच नव्हतं. पंखाही नव्हता. वर, खाली, कुठंही ड्रिल नव्हतं.

"दादा, चहा."

चहाची वेळ नव्हती, हातात कपही नव्हता.

खुर्ची करकरली. खाकरणं. "ठेव तिथं. घेतो मी."

घर्रर्र.

तो गप्प झाला तसं ड्रिलही गप्प झालं.

४

पण कप रिकामा होत होता. मी या एका गोष्टीला धरून राहिले. दुपारी मी उठवायला जायचे तेव्हा दाराशी कप रिकामा असायचा, तळाला चहापत्तीचे दोन कण. रात्रीसाठी मी फ्रिजमध्ये दादाचा डबा ठेवायचे, तोही सकाळी धुतलेला, ओट्यावर पालथा. मशीनची प्रत चहा पीत नाही. माणूस पितो. इतकी साधी गोष्ट, उगाच मी बाऊ करत होते.

कामाच्या मावशी सकाळी उशिरा येतात, भांडी आणि केर करतात. पुढच्या आठवड्यात एकदा भांडी घासताना त्यांनी स्वतःच विषय काढला.

"ताई, एक बोलू? रागवायचं नाही."

"बोला की."

"दादांना चहा नको असेल तर नका ठेवू. गार होऊन पडलेला असतो बघा. साय धरते वर. मीच ओतून टाकते मोरीत."

माझ्या हातातला टॉवेल हातातच राहिला. "तुम्ही ओतता?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कप परत तिथं ठेवते. आई गेल्यापासनं तुम्ही कशातच नसता. म्हटलं, भावानं चहा घेतला नाही हे बघून आणखी खचाल."

"आणि डबा?"

"तुम्हीच म्हणाला होता ना, उरलेलं घेऊन जात जा. तसाच असतो भरलेला. मी नेते, डबा धुऊन ठेवते." त्यांनी नळ बंद केला. "चुकलं का माझं?"

"नाही. तुमचं काय चुकायचंय. खोली कधी झाडलीत त्यांची?"

"कुठं झाडू देतात? रोज दार वाजवते. 'आज नको मावशी, उद्या.' रोज उद्या." मावशींनी हात पुसले आणि जरा आवाज खाली आणला. "रोजच्या थापांना कंटाळले असतील म्हणून मी पण जास्त मागं लागत नाही. पण ताई, दाराखालनं गार हवा येते. आत एसी लावलाय का?"

एसी आमच्याकडे नाही. मी वाकून दाराच्या फटीशी हात धरला. गारवा होता. वास कसला नव्हता. मी मुद्दाम, आडवं पडून, नाक लावून बघितलं. ज्या वासाची भीती होती तो नव्हता, आणि माझ्या जिवात जीव आला. फटीतून पिवळा उजेड येत होता. दिवा चालू, दार बंद. पाकिटावर लिहिल्याप्रमाणेच.

५

दादाच्या कंपनीत त्याचा एक जुना मित्र होता. आम्ही त्याला बंडल म्हणायचो, कारण त्याच्या दहातल्या नऊ गोष्टी बंडल असायच्या. मी त्याला फोन केला.

"दादा कामावर येतो का रे?"

"हे काय विचारणं झालं? तुझ्याच घरात राहतो ना?"

"सांग ना."

"येतो की. रोज मीटिंगला असतो. कॅमेरा बंद. त्याचा नंबर आला की म्हणतो, 'माझ्याकडून काही नाही.' मग संपलं."

"एवढंच?"

"बाकीचे पण एवढंच म्हणतात गं. मी पण एवढंच म्हणतो. आमचा साहेब तर या वाक्यावर जगतो." बंडल हसला. मग म्हणाला, "फक्त त्याला म्यूट करायला सांग. तुमच्याकडे रात्री कोण भिंतीत ड्रिल मारतं? बोलायला लागला की घर्रर्र. सगळे हसतात."

मी फोन कानाला तसाच धरून मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

"काय झालं? भांडलात का?"

"नाही. बंडल, तू खरं सांगतोयस ना?"

"आयुष्यात पहिल्यांदा," तो म्हणाला. "का गं?"

काय सांगणार? कुणाला सांगणार? पोलिसांत जाऊन म्हणू, साहेब, माझा भाऊ रोज हाकेला ओ देतो, तक्रार लिहून घ्या? मी फोन ठेवला आणि टेबलाशी बसून खिडकीतल्या मिचमिचणाऱ्या कर्सरकडे बघत राहिले. मला भीती वाटत होती. पण ती दुसऱ्याच्या घरात लागलेल्या टीव्हीसारखी वाटत होती, आवाज येत होता आणि शब्द कळत नव्हते.

६

साठवणीच्या मशीनला फसवायचा एक मार्ग असतो. कधीच कुणी न विचारलेलं विचारायचं. त्याच्याकडे त्याची प्रत नसते. मग त्याला मुळाकडे जावंच लागतं.

मी दाराशी बसले, फरशीवर, पाठ भिंतीला.

"दादा, आईचा चष्मा कुठं ठेवलास?"

हे मी कधी विचारलं नव्हतं. आईच्या कुठल्याच वस्तूचं मी कधी काही विचारलं नव्हतं.

खुर्ची करकरली नाही. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग मला वाटलं, आवाज येतोय. खोलीतून नाही, खोलीच्या मागून. तिथं नुसती भिंत आहे, भिंतीपलीकडे चार मजले खाली रस्ता. लांबवर एक दार वाजावं, मग आणखी लांब दुसरं वाजावं, तसं काहीतरी. कुणीतरी कुणाला तरी शोधत गेलं होतं आणि त्याला कुणी भेटत नव्हतं.

मग अगदी जवळ खुर्ची करकरली. खाकरणं. "ठेव तिथं. घेतो मी." घर्रर्र.

मूळ सापडलं नाही की मशीन हेच करतं. रिकाम्या हातानं पाठवत नाही, जे जवळ आहे ते देतं.

मी उठले आणि दाराच्या मुठीला हात लावला. खरंच लावला. वर्षभरानंतर पहिल्यांदा. मूठ बर्फासारखी गार होती आणि आतून कडी लावलेली नव्हती, मूठ जरा दाबली असती तर दार उघडलं असतं. पण मला दादाचं शिकवणं आठवलं. नवी होते तेव्हा मी एका साइटची जुनी प्रत पुसायला निघाले होते. त्यानं माझं मनगट धरलं होतं. "आधी मूळ जिवंत आहे का बघ. ते नसेल आणि तू ही प्रत पुसलीस, तर होतं तेही घालवून बसशील. मग कुणाला हाक मारशील?"

दार उघडलं तर काय दिसेल, हा माझा प्रश्नच नव्हता. मला खरी भीती ही होती, की उघडल्यावर उद्या सकाळी मी चहा ठेवीन आणि आतून काहीच येणार नाही. ते खाकरणं होतं तोवर मला भाऊ होता. जुना असेल, शिळा असेल, साडेतीन आठवड्यांपूर्वीचा असेल. माझं त्यावर भागत होतं.

मी हात काढून घेतला.

पण प्रत कायमची टिकत नाही. महिनाभर, दादानं म्हटलं होतं. महिना संपला की मधलं मशीन ती टाकून देतं. एकदा साठवलेल्या प्रतीची मुदत वाढवता येत नाही, मी ऑफिसच्या मशीनमध्ये शिरून सगळे मार्ग बघितले. हिशेब मांडला. येत्या सोमवारी, सकाळी, चहाच्या सुमाराला.

उरलेले दिवस मी दिवसातून कितीतरी वेळा दाराशी जायचे. दादा, चहा. दादा, जेवलास का. दादा, पाऊस येईल का रे आज. जे जे पूर्वी कधी विचारलं होतं ते सगळं विचारून घेतलं. त्यानं सगळ्याची उत्तरं दिली. एकदा तर, 'झोप आता, छोटी,' असंही म्हणाला. ते ड्रिल मला गोड वाटायला लागलं होतं.

७

सोमवारी मी चहा जरा जास्तच चांगला केला. आलं घातलं. दादाला साखर चालत नाही, त्याचा कप वेगळा काढला. दाराशी ठेवला.

"दादा, चहा."

काही नाही.

"दादा."

खुर्ची नाही. खाकरणं नाही. घरघर नाही. फटीतला पिवळा उजेड होता तो माझ्या डोळ्यांदेखत गेला. कुणी बटण दाबल्याचा खट असा आवाजही झाला नाही.

मला वाटलं होतं मी कोसळेन. तसं काही झालं नाही. मी टेबलाशी आले, काळी खिडकी उघडली आणि दादाच्या पानाला हाक मारली. पाचशेच्या घरातला आकडा येणार, मला माहीत होतं. मूळ सापडत नाही, प्रत संपली, असा त्याचा अर्थ. वाचायचं आणि मग बंडलला फोन करायचा, काकूंना बोलवायचं, दार उघडायला लावायचं. हे सगळं मी ठरवून ठेवलं होतं.

कर्सर मिचमिचत राहिला. मुळाकडे विचारायला गेलेलं मशीन परत येत नव्हतं. मग ओळी आल्या, एकदम, सगळ्या.

दोनशे.

तारीख आजची. वेळ आत्ताची. एजची ओळच नाही, म्हणजे हे कुठून साठवलेलं नव्हतं, आत्ता कुणीतरी स्वतः उत्तर दिलं होतं. तापमान चार. दिवा बंद. दार उघडं.

मी मान वर केली. टेबलावरून ते दार सरळ समोर दिसतं. ते बंद होतं.

परत स्क्रीनकडे बघितलं. एक ओळ मी गाळली होती, सवयीप्रमाणे. सर्व्हर, आणि पुढं दोन टिंबं, आणि पुढं काही नाही. नाव लिहायची जागा होती, नाव नव्हतं.

"छोटी."

आवाज दादाचा होता. त्याच्या मागं ड्रिल नव्हतं, आधी खाकरणं नव्हतं. ताजा आवाज, आत्ताचा. फक्त तो फार लांबून आला, जेवढी ती खोली खोल आहे त्याच्यापेक्षा कितीतरी लांबून. आणि दाराखालच्या फटीत, जिथं मघाशी उजेड होता, तिथं आता दोन गडद ठिपके होते. कुणीतरी दाराला अगदी पायाची बोटं टेकवून आत उभं होतं.

"चहा आत घेऊन ये," तो म्हणाला. "साखर घाल थोडी."

पत्ता तोच आहे म्हणून बोलणारा तोच असेल असं समजू नकोस. मला आठवत होतं. प्रत्येक शब्द आठवत होता, त्याचं बोट सर्व्हरच्या ओळीवर टेकलेलंही आठवत होतं. मी काही वेडी नाही. फोन टेबलावर हातभर अंतरावर होता. काकू वर होत्या, त्यांच्या नव्या फरशीवर तीनचाकी फिरल्याचा आवाज येत होता.

गालाला काहीतरी ओलं लागलं. हात लावून बघितलं तर मी रडत होते. वर्षभरात पहिल्यांदा. इंजेक्शन उतरल्यावर दुखतं तसं सगळं एकदम दुखायला लागलं होतं. आई, तिचा चष्मा, दादा, तो टेबलावर नीट ठेवलेला कप. मी हाक मारली होती आणि वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी मला आत ये म्हणत होतं.

मी उठले. दाराशी वाकून कप उचलला, अजून गरम होता. ते ठिपके हलले नाहीत. ओट्याशी जाऊन मी त्यात साखर घातली, ढवळली, चमचा धुऊन ठेवला. खाली बशी घेतली.

"आले, दादा," मी म्हटलं.